घोटीवरची घिरटी

उभाच राहा. बसायचं नंतर बघू.

तुला सोलो क्रॉस कंट्रीवर पाठवलं आणि तू ठरलेला मार्ग सोडून घोटीवर गेलास. ३०० फुटांवर येऊन बाजारपेठेवर घिरटी घातलीस, का, तर आईला विमान दाखवायचं होतं. आई गच्चीवर उभी होती ना? त्या उंचीवर इंजिन बंद पडलं असतं, तर अर्ध्या मिनिटाच्या आत जमीन. कुठे उतरवणार होतास? मुंबई-आग्रा हायवेवर, ट्रकांच्या रांगेत? रेल्वेच्या विजेच्या तारांवर? की त्याच गच्चीवर? वस्तीवरून जाताना ६०० मीटरच्या परिघात जे सर्वांत उंच असेल, त्याच्याही वर किमान १००० फूट. परीक्षेत घडाघडा म्हणून दाखवलास हा नियम. तो खालच्या माणसांसाठी आहे रे! त्यांना कुणी विचारलं नव्हतं, तुझं विमान डोक्यावर हवंय का म्हणून.

आणि वळताना नजर आईकडे, मग एअरस्पीडकडे कोण बघत होतं? ४५ अंशांच्या वळणात स्टॉलचा वेग जवळजवळ १९ टक्क्यांनी वाढतो. ३०० फुटांवर स्टॉल होऊन पंखांनी उचल सोडली, तर सावरायला उंचीच उरत नाही.

जवळच देवळालीची तोफखान्याची रेंज. मार्ग बदलण्याआधी गोळीबाराच्या इशाऱ्याचा नोटॅम पाहिला होतास? बोल ना. आता का गप्प?

घोटीचा पोरगा तू. १६४६ मीटरची कळसूबाई पावसाळ्यात ढगात कशी गडप होते, हे मी तुला शिकवायचं? ७ जुलै १९६२ ला अलिटालियाचं डीसी-८ याच सह्याद्रीत, जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. रात्रीची वेळ. मुंबई जवळ आली अशा समजुतीत वैमानिक वेळेआधीच खाली उतरू लागले. विमानात ९४ माणसं होती, एकही वाचलं नाही. त्यांचा अंदाज चुकला होता. तू जाणूनबुजून खाली गेलास.

हात चांगला आहे तुझा. म्हणूनच भीती वाटते. कच्च्या हाताचा मुलगा घाबरून तरी वरच राहतो.

लॉगबुक ठेव इथे. काय घडलं ते सगळं लिहून संध्याकाळपर्यंत चीफ इन्स्ट्रक्टरांना द्यायचं, एक ओळ गाळायची नाही. मी सही करेपर्यंत तुझी सोलो बंद. आणि आज आईला फोन करून सांग, की तिच्या डोक्यावर तू काय धोका आणला होतास.