गच्चीचा कठडा

आपल्या घरात आपण काय करावे हे शेजाऱ्याने सांगावे काय? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. पण घर सार्वजनिक वसाहतीत असेल, जिना सामाईक असेल आणि घरात करावयाची गोष्ट धूम्रपान असेल, तर ते उत्तर तितके सोपे राहत नाही.

जयपूरचे उदाहरण घ्या. सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये वसविलेल्या या नगराच्या जुन्या बाजारपेठांत घराच्या दर्शनी भिंतीचा रंग मालकाच्या मर्जीवर नाही. तो गुलाबीच हवा. भिंत मालकाची, पण तिचे दर्शन साऱ्या नगराचे! रंगाच्या बाबतीत जे तत्त्व मान्य झाले, ते भिंतीपलीकडे जाणाऱ्या धुराच्या बाबतीत मात्र आपल्या देशात अजून मान्य नाही. २ ऑक्टोबर २००८ पासूनचे नियम कचेऱ्या, उपाहारगृहे, रुग्णालये अशा ठिकाणी धूम्रपानास मनाई करतात. खासगी घराच्या उंबरठ्याशी त्यांचा हात थांबतो. ई-सिगारेटची विक्री व आयात २०१९ च्या केंद्रीय कायद्याने बंद झाली. राजस्थान सरकारने तर त्याच वर्षीच्या मे महिन्यातच बंदी घातली होती. पण बंद दाराआड कोण काय ओढतो, हे कोण पाहणार?

आता त्याच जयपुरातील मानसरोवर किंवा प्रतापनगर येथील गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती डोळ्यांपुढे आणा. मे महिन्यात तेथे खिडकीत कूलर बसविल्यावाचून झोप येत नाही. कूलरचे काम बाहेरची हवा ओढून आत सोडण्याचे. (नागपूरकरांना हे सांगणे नको.) खालच्या सज्जात कोणी विडी ओढली, की तिचा धूर ओल्या ताट्यांतून थेट वरच्या मजल्यावरील बाळाच्या पाळण्यापाशी पोहोचतो. ‘त्रास होत असेल तर खिडकी लावून घ्या’ हा सल्ला तेथे थट्टेसारखा वाटेल. दुसऱ्याच्या धुराचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही आणि केवळ हवा खेळती ठेवून तो धोका नाहीसा होत नाही, असे अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या अहवालाने २००६ मध्येच स्पष्ट केले आहे. ई-सिगारेटच्या वाफेला फळांचा सुगंध असतो म्हणून कित्येक तरुण तिला निरुपद्रवी समजतात; त्या सुगंधाबरोबर निकोटिन व सूक्ष्म कणही बाहेर पडतात, हे सुगंध सांगत नाही.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात घर बांधणाऱ्यासाठी एक छोटासा नियम आहे: नव्या घराच्या धाब्याला कठडा करावा, नाही तर कोणी खाली पडल्यास रक्तपाताचा दोष त्या घरावर येईल. हा नियम मला फार विचार करावयास लावतो. धाबे त्याचे स्वतःचे आहे. कोणाला ढकलण्याचा त्याचा हेतू नाही. पडणारा कदाचित स्वतःच बेसावध असेल. तरीही जबाबदारी घरमालकाची, आणि तीही अपघातापूर्वीची. संक्रांतीला जयपूरच्या गच्च्यांवर पतंग उडविणारी मुले ज्याने पाहिली आहेत, त्याला या नियमाचे शहाणपण समजावून सांगावे लागणार नाही. ‘माझा हेतू वाईट नव्हता’ हे म्हणणे तेथे पुरत नाही, मग धुराच्या बाबतीत ते कसे पुरेल?

मात्र नियम करणाऱ्यांनीही जपून पाऊल टाकावे. अमेरिकेच्या संघराज्य शासनाने २०१६ मध्ये नियम करून २०१८ च्या जुलैअखेरपर्यंत सरकारी गृहवसाहतींत, राहत्या खोल्यांतसुद्धा, धूम्रपान बंद करावयास लावले. ओढावयाचे तर इमारतीपासून पंचवीस फूट दूर जावे. (ई-सिगारेट मात्र त्यातून वगळली गेली!) हेतू मुलांच्या रक्षणाचा, हे खरे. पण नियम लागू झाला तो गरीब भाडेकरूंना; स्वतःच्या बंगल्यात चिरूट ओढणाऱ्या धनिकाला त्याची झळ नाही. आणि वारंवार नियम मोडणाऱ्याला घर गमवावे लागू शकते. कठडा नाही म्हणून घरच काढून घ्यावे, असे मोशेच्या नियमशास्त्राने कोठे सांगितले आहे? पन्नास वर्षांचे व्यसन जडलेल्या वृद्धाला रस्त्यावर आणून कोणते बाळ वाचणार?

आपल्याकडची अडचण निराळी आहे. उत्तर भारतात ‘हुक्का-पाणी बंद’ म्हणजे वाळीत टाकणे. एके काळी धुरातला वाटा हीच बिरादरीची खूण होती. आज धुराविरुद्ध बोलणाराच एकटा पडतो. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ निवृत्त अधिकारी, वयाने वडील, आणि वरचे कुटुंब भाड्याने राहणारे. अशा वेळी त्या आईने दार कसे ठोठवावे? म्हणून मला वाटते, हे ओझे एकट्या आईवर टाकू नये. वसाहतीच्या सभेत आधीच ठरावे की जिना, सज्जा व कूलरच्या खिडकीजवळची जागा धुरापासून मुक्त राहील. कोणाच्या खोलीत डोकावण्याचे कारण नाही. आणि त्याच ठरावात आवारातल्या कडुलिंबाखाली, इमारतीपासून दूर, त्या वृद्ध गृहस्थांसाठी एक बाक ठेवण्याचेही लिहून घ्यावे.