चिखलातलं झाड, शेंड्यावरचं माकड

स्वयंपाकघरातल्या जायफळाचे काही रानटी भाऊबंद सह्याद्रीत ऐन चिखलात उभे असतात. पाणथळीत मुळांना हवा मिळत नाही. म्हणून ती जमिनीतून वर येतात, वाकतात आणि पुन्हा खाली शिरतात. वर उरतो तो गुडघा, आणि झाड श्वास घेतं ते त्यातून. गोव्यात सत्तरीतल्या निरंकाराच्या देवराईत असे गुडघे बघायला मिळतात.

खाली उत्तर कन्नडपासून केरळ-तमिळनाडूपर्यंतच्या सदाहरित रानात सिंहपुच्छ माकड राहतं. जिथे ही झाडं आहेत तिथे त्यांची फळंही खातं. काळंभोर अंग, चेहऱ्याभोवती रुपेरी आयाळ, शेपटीच्या टोकाला गोंडा. सगळा संसार शेंड्यावर. जमिनीशी व्यवहार जेवढ्यास तेवढा. मादीला दोन-तीन वर्षांतून एखादं पिल्लू. झाडाचंही घाईचं काम नाही, पण बी मात्र थांबायला तयार नसतं. वाळलं की मेलं. पावसात पडलं की ओल आहे तोवरच रुजायचं.

दोघंही हट्टी, दोघंही धोक्यात, तरी बोलबाला माकडाचाच. केरळातल्या सायलेंट व्हॅलीचं धरण १९८३ मध्ये रद्द झालं. त्या लढ्याला चेहरा मिळाला तो याच माकडाचा. झाडाला चेहरा कुठला? आणि चिखलासाठी मोर्चा काढायचा तरी कुणी! पाणी असलेली सपाट जागा म्हटल्यावर तिथे भातखाचरं झाली, पोफळी उभ्या राहिल्या.

शिवाय माकड अडलं की आपला स्वभाव मोडू शकतं. तमिळनाडूत वाल्पारैजवळ चहामळ्यांनी वेढलेल्या रानाच्या तुकड्यात ही माकडं जमिनीवर उतरली, रस्ता ओलांडू लागली, घरांत शिरू लागली. त्यांच्यासाठी रस्त्यावरून झुलते पूलही बांधले गेले. हे काही शोभेचं जिणं नव्हे, पण जिणं आहे. झाडाला तेवढीही सोय नाही.

त्याला आजवर राखलं ते बरंचसं देवाच्या धाकानं. आता सरकारचाही शिक्का आहे: सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातलं बांबर्डे इथलं असंच छोटं रान २०२१ मध्ये जैवविविधता वारसास्थळ ठरलं. राईत कोयता चालवायचा नाही, हा नियम गाव पाळतं. पण ओहोळ राईत येतो तो राईच्या हद्दीबाहेरून. तो वर कुणी बागायतीकडे वळवला, तर कोयत्याची गरजच पडणार नाही.