शेतातली ठेव कोणाची?

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शेतात लपवलेल्या ठेवीचा दाखला आहे. तो शिकवताना शब्बाथशाळेच्या शिक्षकांपुढे एक अडचण उभी राहते. वर्गातले एखादे चुणचुणीत मूल विचारते, "त्या माणसाने ठेव पुन्हा झाकून ठेवली आणि शेत विकत घेतले. पण मालकाला त्याने खरे सांगितले का?" प्रश्न बिनतोड आहे. मुलाला गप्प बसवून तो सुटत नाही. म्हणून त्याचाच थोडा विचार करू.

हा प्रश्न केवळ प्राचीन काळचा नाही. इंग्लंडात जमिनीतला धातू ओळखणारे यंत्र घेऊन नांगरलेल्या शेतांतून जुनी नाणी व दागिने शोधण्याचा छंद हजारो लोकांना आहे. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी सफोक परगण्यातील हॉक्सन गावी एक निवृत्त गृहस्थ असे यंत्र घेऊन एका शेतात गेले. जमीन परगण्याच्या कौन्सिलची होती. ती कसणाऱ्या कुळाचा हातोडा तेथे हरवला होता आणि तो शोधून देण्यासाठी हे स्नेही आले होते. हाती लागल्या त्या सोन्याच्या साखळ्या, रुप्याचे चमचे आणि नाणी. त्यांनी खणणे तेथेच थांबवले व कौन्सिलला आणि पोलिसांना वर्दी दिली.

दुसऱ्याच दिवशी पुराणवस्तुशास्त्रज्ञ आले. सुमारे १५,००० रोमी नाणी आणि सोन्यारुप्याच्या सुमारे २०० वस्तू निघाल्या. पाचव्या शतकाच्या आरंभी कोणा श्रीमंत घराण्याने त्या पुरल्या असाव्यात. काही वस्तूंवर ख्रिस्ताच्या नावाचे चिन्ह आहे. जमीन हलवलेली नसल्यामुळे लाकडी पेटीत कोणती वस्तू कोठे रचली होती, हेही समजले. सापडणाऱ्याला सरकारकडून १७ लाख ५० हजार पौंड मिळाले. त्यातून त्या कुळाला वाटा देण्याचे बंधन कायद्याने त्यांच्यावर नव्हते, तरी त्यांनी तो दिला. हातोडाही सापडला आणि तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आता दुसरी गोष्ट पाहा. २०१५ साली हर्फर्डशायरमध्ये लेम्स्टरजवळ दोघा जणांना नवव्या शतकात पुरलेली ठेव सापडली. त्यांनी ती कळवली नाही, लपवून विकायला काढली. त्यांच्या फोनमधील छायाचित्रांवरून नाणी सुमारे ३०० असावीत असे दिसले. २०१९ साली त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली, तोवर हाती आली होती ती सुमारे तीसच.

येथे नुकसान कोणाचे झाले? जमीनमालकाचे झाले, हे उघड आहे. पण आणखी एकाचे झाले. त्या नाण्यांपैकी काहींवर वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्सियाचा राजा केओलवुल्फ हे शेजारीशेजारी बसलेले दाखवले आहेत. आल्फ्रेडच्या बाजूच्या बखरकारांनी केओलवुल्फला अकलेने कमी आणि शत्रूच्या हातातले बाहुले ठरवले होते. नाणी मात्र सांगतात की दोघे एकेकाळी बरोबरीचे मित्र होते. हजार वर्षांहून अधिक काळ बदनाम झालेल्या माणसाच्या बाजूची साक्ष जमिनीत होती आणि पैशासाठी तिच्यातला बराच भाग नाहीसा केला गेला. आम्हांस वाटते, येथे आठव्या आज्ञेबरोबर नववीही मोडली गेली. मेलेल्याविरुद्धची खोटी साक्ष खोडून काढणारा पुरावा दडपणे, हेही खोट्या साक्षीला हातभार लावणेच आहे.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आपल्या बंधूची हरवलेली वस्तू दिसली असता काणाडोळा न करण्याची आज्ञा आहे. कोणी म्हणेल, सोळाशे वर्षांपूर्वीचा मालक आता काही ती मागायला येत नाही. खरे आहे. परंतु ज्याची जमीन तो बंधू आहे, ज्याने ती घाम गाळून नांगरली तो बंधू आहे आणि ज्यांचा इतिहास त्या मातीत आहे ते सर्व लोक बंधूच आहेत. आपल्या देशातही १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली ठेव सापडली तर ती कलेक्टरला कळवण्याचे बंधन घातले. पण कायदा कळवायला लावतो. वाटून घ्यायला लावते ती सदसद्विवेकबुद्धी. हॉक्सनच्या गृहस्थांनी कायद्याच्या एक पाऊल पुढे टाकले, ते ह्यामुळेच.

मग दाखल्यातल्या माणसाचे काय? कोणी त्याची बाजू घेऊन म्हणतात की त्याने ठेव उचलून पोबारा केला नाही, रीतसर शेत विकत घेतले. हे समर्थन आम्हांस पुरेसे वाटत नाही. मालकाला ठाऊक असते तर त्याने त्या किमतीला शेत दिले असते काय? लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे आपण त्यांच्याशी वागावे, हा प्रभूचाच नियम लावला तर तो व्यवहार टिकत नाही.

परंतु प्रभूने त्या व्यवहाराची वाखाणणी केलेली नाही. लूकच्या सोळाव्या अध्यायात अन्यायी कारभाऱ्याची हुशारी घेतली आहे, त्याची लबाडी नव्हे. तसाच येथे ठेव सापडल्याचा आनंद आणि तिच्यासाठी सर्वस्व विकण्याची तयारी एवढेच घ्यावयाचे आहे. लेम्स्टरच्या दोघांनी त्या माणसासारखी ठेव लपवली. पण त्याच्यासारखे सर्वस्व विकणे दूरच, त्यांनी काहीच सोडले नाही.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींनो, मुलाने तो प्रश्न विचारला तर निःसंकोचपणे सांगा, "बाळा, तुझी शंका रास्त आहे. त्याने मालकाला सांगायला हवे होते." असे म्हटल्याने शास्त्राचा मान कमी होत नाही. ज्या मुलाला त्या अनोळखी मालकाची काळजी वाटली, त्याला उद्या शेजाऱ्याच्या बांधावर काही सापडले तर ते शेजाऱ्याच्या दारी नेऊन दाखवणे जड जाणार नाही.