पडणाऱ्याचा सोबती

पठण : करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय ५, वचन ७



अमेरिका देशाच्या पूर्व भागात अपालाचियन नावाच्या डोंगरांतून एक पायवाट गेली आहे. दक्षिणेस जॉर्जिया प्रांतातील स्प्रिंगर डोंगरापासून निघून ती चौदा प्रांत ओलांडते व उत्तरेस मेन प्रांतातील कटाडिन डोंगरावर संपते. तिची लांबी सुमारे २,२०० मैल आहे. वाटसरूने चुकू नये म्हणून झाडांवर व खडकांवर पांढऱ्या रंगाच्या उभ्या खुणा केल्या आहेत. पाठीवर शिधा व अंथरूण घेऊन दरवर्षी पुष्कळ लोक ही सबंध वाट चालावयास निघतात. परंतु शेवटास पोहोचणारे थोडेच असतात.

१९९० सालच्या मार्च महिन्यात सुमारे पन्नास वर्षांचा एक गृहस्थ ह्या वाटेस लागला. त्याचे नाव बिल आयर्विन. तो दोन्ही डोळ्यांनी आंधळा होता. तेव्हा त्या पांढऱ्या खुणांचा त्यास काय उपयोग? त्याच्याबरोबर ओरिएंट नावाचा, आंधळ्यांस वाट दाखविण्यास शिकविलेला एक कुत्रा होता. तो आपल्या पाठीवर आपला शिधा वाहून धन्याच्या पुढे चाले. वाटेवरचे लोक त्या दोघांस मिळून एकाच नावाने ओळखू लागले : ‘ओरिएंट एक्सप्रेस’.

मित्रहो, असा सोबती वाटेत भेटला तर काय होईल, याचा विचार करा. कोणी डोळस तरुण दिवसभर चालून थकला आहे. पायास फोड आले आहेत, पाऊस थांबत नाही, आणि उद्या घरी परतावे असे त्याने मनात ठरविले आहे. इतक्यात काठीचा आवाज येतो, व गुडघे खरचटलेला एक आंधळा कुत्र्यामागून येऊन त्याच्या शेजारी बसतो. त्या तरुणास घरी परतण्याची गोष्ट पुन्हा बोलवेल काय?

आयर्विन पडत नसे असे मात्र कोणी समजू नये. आपण सुमारे पाच हजार वेळा पडलो, असा त्याचा स्वतःचाच अंदाज होता. त्याच्या पूर्वायुष्यातही मोठे पतन होते. पुष्कळ वर्षे तो दारूच्या अधीन होता. त्या बंधनातून सुटल्यावर तो प्रभूकडे वळला, आणि ही वाट आपण कोणाच्या आधाराने चालतो हे तो भेटेल त्यास सांगे. आपली चाल नजरेवर नव्हे तर विश्वासावर चालते, असे जे पौलाने करिंथच्या मंडळीस लिहिले, तेच ह्या आंधळ्याचे वचन झाले. २१ नोव्हेंबर रोजी, आठ महिन्यांहून अधिक काळानंतर, त्याचा प्रवास पूर्ण झाला. सबंध वाट चालून गेलेला तो पहिला आंधळा होय. २०१४ साली तो मरण पावला.

ही हकीकत वाचून आम्हांस आनंद झाला. परंतु त्याहून अधिक लाज वाटली. त्याचे कारण सांगतो. आमच्या मंडळीतील एका बंधूने दारू सोडण्याची शपथ तीन वेळा घेतली व तीनही वेळा मोडली. त्याचे नाव सभासदांच्या यादीतून काढावे, असे पंचांचे मत पडले. आम्हीही त्यास मान देऊन पत्र लिहावयास बसलो, व अर्धे लिहूनही झाले. त्या पत्रात त्याचे प्रत्येक पडणे तारखेसह नमूद होते. तो किती वेळा उठला, याचा एक शब्दही नव्हता.

मग एक प्रश्न मनात आला, आणि लेखणी पुढे सरेना. आठवड्याच्या बाजारी गुत्त्यावरून घरी जाताना त्या बंधूबरोबर आमच्यापैकी कोण चालले होते? कोणीही नाही. आम्ही त्यास शपथ दिली, पण सोबत दिली नाही. खुणा दाखविल्या, परंतु ज्यास दिसत नाही त्यास खुणा पुरत नाहीत, त्याच्या पुढे कोणीतरी चालावे लागते. मुक्या जनावराने जे केले, ते आम्ही प्रभूचे म्हणविणाऱ्यांनी केले नाही!

दृष्टान्त सर्व बाजूंनी ताणू नये. तथापि एवढे खास की, तो मनुष्य व त्याचा वाटाड्या एका नावाने ओळखले गेले, आणि आपणही आपल्या वाटाड्याच्या नावावरून ख्रिस्ती म्हणविले जातो. ते नाव आपण न पडल्याने मिळाले नाही. तो आपला हात सोडीत नाही, म्हणून मिळाले.

सुवार्तिक बंधूंनो, तुम्ही गावोगाव पायी जाता. तुमच्या वाटेवर असा कोणी असेल, तर त्याचे पडणे मोजू नका, त्याच्याबरोबर चाला. आमचे ते पत्र आम्ही फाडून टाकले आहे. तो बंधू गेल्या रविवारी येऊन दाराजवळ मागे बसला होता. येत्या बाजारी आम्ही त्याच्याबरोबर घरी जाणार आहो. तुम्ही प्रार्थना करा. त्याच्यासाठी करा, आणि आमच्यासाठीही करा.