बारापैकी दहा

औषध घेतल्यावर अंगावर पुरळ उठणं नवीन नाही; गोळी थांबवली की बहुतेकदा ते मावळतं. पण वर्षाला दहा लाखांत मोजक्याच काहींना ते मावळत नाही. ताप चढतो, डोळे-तोंड सोलवटतं, आणि बोटाने जरा दाबून सरकवलं की कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटून येते. आपल्याकडे अशा रुग्णाला केळीच्या पानांवरही निजवतात. चादर उघड्या मांसाला चिकटते, पान चिकटत नाही.

स्टीव्हन्स आणि जॉन्सन या अमेरिकी डॉक्टरांनी १९२२ मध्ये दोन मुलांवरून हा आजार नोंदवला. त्याचं उग्र रूप ॲलन लायेल यांनी १९५६ मध्ये चार रुग्णांत दाखवलं. पुढची चाळीसेक वर्षं उपचार म्हणजे ज्याचा त्याचा अनुभव. स्टेरॉइड देणारे होते आणि त्याने जंतुसंसर्ग बळावतो म्हणून न देणारेही. बरे झालेले रुग्ण दोघांकडे होते. आजारच इतका विरळा, की ताडून पाहायला पुरेसे रुग्ण एकाच्या हाताखालून जायचेच नाहीत.

मग फ्रान्समधल्या डॉक्टरांनी थॅलिडोमाइड आजमावायचं ठरवलं. विचार बिनतोड होता: या फोडांत टीएनएफ नावाचा दाहक पदार्थ सापडतो, आणि थॅलिडोमाइड त्याला आवर घालतं. काहींना औषध, काहींना बिनऔषधी गोळी. मरणाच्या दारातल्या माणसाला बिनऔषधी गोळी देणं कुणालाही निर्दयपणाच वाटेल. बावीस रुग्णांवरच चाचणी थांबवावी लागली. औषध मिळालेल्या बारापैकी दहा दगावले होते, न मिळालेल्या दहापैकी तीन. हा अहवाल १९९८ चा. मला राहून राहून वाटतं, ते दुसरे दहा जण नसतेच, तर या मृत्यूंचं खापर औषधावर फुटलं असतं का? आजारच तसा, असं म्हणून सगळे गप्प बसले असते.

त्याच वर्षी शिरेतून दिल्या जाणाऱ्या इम्युनोग्लोब्युलिनने दहाच्या दहा रुग्ण वाचल्याची बातमी आली. तुलनेला मात्र कुणीच नव्हतं. महागडं औषध भराभर पसरलं. २००० मध्ये वय, नाडी, रक्तातली साखर अशा सात गोष्टींवरून मृत्यूचा अंदाज बांधणारी गुणपद्धत आली आणि ताडून पाहायला निदान एक पट्टी मिळाली. २००३ मध्ये इम्युनोग्लोब्युलिन घेतलेले ३४ रुग्ण त्या पट्टीला लावले, तर मृत्यू अंदाजापेक्षा कमी निघाले नाहीत.

टीएनएफचा विचार मात्र मेला नव्हता. तैवानमध्ये टीएनएफलाच अडवणारं, संधिवाताचं एटानरसेप्ट हे इंजेक्शन स्टेरॉइडशी ताडून पाहिलं. २०१८ च्या त्या अहवालात रुग्ण होते ९६. बऱ्यापैकी पसरलेल्या जखमा एकोणीसऐवजी चौदा दिवसांत भरल्या. जीव किती वाचतात, याचा ठाम निकाल लागला नाही. २०२२ मध्ये या आजारावरचे उपचार ताडून पाहणारे जगभरातले अभ्यास गोळा केले, तर भरले नऊ, आणि रुग्ण ३०८.

तैवाननेच दुसरीही वाट धरली होती. फिट येणाऱ्यांना देतात त्या कार्बामाझेपिनमुळे कातडी सुटलेल्या रुग्णांत एका जनुकाचं विशिष्ट रूप आढळतं, हे तिथे २००४ मध्ये दिसलं. मग ४८७७ जणांचं रक्त आधी तपासलं आणि जनुकाचं ते रूप असलेल्यांना ते औषध दिलंच नाही. बिनऔषधी गोळी इथेही नव्हती. तुलना होती ती मागच्या वर्षांच्या आकड्यांशी. त्या हिशेबाने दहाएक जणांची कातडी सुटायला हवी होती. एकाचीही सुटली नाही.