तोच तो ट्रॅक्टर

जुन्या वस्तूंच्या बाबतीत आपल्याकडे दोन पंथ आहेत. एक 'टाकून द्या' पंथ आणि दुसरा 'असू द्या' पंथ. पहिल्या पंथातल्या माणसाला दोन महिने न वापरलेली छत्री दिसली, की बोहारीण आठवते. दुसऱ्या पंथातला माणूस त्याच छत्रीची मोडकी काडी 'कधीतरी लागेल' म्हणून माळ्यावर ठेवतो. या दोन पंथांतली माणसं नेमकी एकमेकांशी लग्नं करतात, ही विधात्याची योजना आहे. नाहीतर निम्मी घरं भंगाराने भरून गेली असती, आणि उरलेल्या निम्म्या घरांत पाहुण्यांना बसायला खुर्ची राहिली नसती.

पण एक तिसरा पंथही आहे. संख्येने लहान, पण फार खर्चिक. हा 'पुन्हा चालू करा' पंथ. यातला माणूस वस्तू टाकत नाही आणि नुसती असूही देत नाही. बंद पडलेलं घड्याळ, मुका झालेला रेडिओ, गंजलेली सायकल असं काही दिसलं, की त्याच्या डोळ्यांत एक चमक येते आणि घरातल्या बाकीच्यांच्या पोटात एक गोळा.

आमचा दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. दोन वर्षांपूर्वी तो या पंथात गेला, आणि लहानसहान वस्तूवर भागवायचं सोडून त्याने एकदम ट्रॅक्टरलाच हात घातला.

कऱ्हाडच्या अलीकडे आमचं गाव आहे. तिथे गोठ्यामागच्या छपरात हा ट्रॅक्टर वीस-बावीस वर्षं उभा होता. इंटरनॅशनल बी-२७५. महिंद्रांनी १९६३ साली अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर भागीदारी करून ट्रॅक्टरची कंपनी काढली, तिचं हे मुंबईत कांदिवलीला बनलेलं अपत्य. घराणं मूळचं विलायतेचं, डॉनकॅस्टरचं. चार सिलिंडर, पस्तीस हॉर्सपॉवर, आठ गिअर पुढे जायला आणि दोन मागे यायला. (माणसाला देवाने हेच प्रमाण उलटं दिलं आहे, असं माझं मत आहे.) माझ्या थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे अण्णांनी, १९६८ साली भूविकास बँकेचं कर्ज काढून तो आणला. दोन बैलांच्या दावणीला एकदम पस्तीस घोडे आले! सगळं गाव बघायला लोटलं होतं, असं अण्णाच सांगत. सांगत, असं म्हणतो. कारण अण्णा आता काही सांगत नाहीत. त्याबद्दल पुढे येईलच.

छपरातून बाहेर काढला तेव्हा त्याच्या सीटवर एक कोंबडी अंडी उबवत होती आणि तिने जागा सोडायला साफ नकार दिला. पुढचे दोन आठवडे काम तिच्या सवडीने चाललं.

इंजिन जाम होतं. कऱ्हाडहून मिस्त्री आले. साठीचे, मितभाषी, कानावर विडी. त्यांनी चारी सिलिंडरांत तेल आणि डिझेल ओतलं आणि म्हणाले, "आठ दिवस कुणी हात लावायचा नाही. मुरू द्या." मला वाटलं, हे लोणच्याबद्दल बोलताहेत. पण खरंच, नवव्या दिवशी इंजिन इंचभर हललं आणि दादाच्या चेहऱ्यावर नातू झाल्याचा आनंद पसरला.

मी पेन्शनर, जन्मभर कचेरीत फायली सरकवल्या. पण त्या दिवसांत सुट्टीला गेल्यासारखा गावीच राहिलो आणि मिस्त्रींच्या पायाशी बसून बरंच शिकलो. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, हे तेव्हा कळलं. आत घेतलेली हवा नुसती दाबायची, सोळा-सतरा भागांची एक भाग होईल इतकी दाबायची. ती दाबानेच अशी तापते, की त्यात डिझेलचा फवारा पडताच भडका उडतो. थोडक्यात, मध्यमवर्गीय माणसाच्या रागाचं तंत्र! फक्त दाब कुठे गळता कामा नये. रिंगा झिजल्या, लायनर घासले, व्हॉल्व नीट बसेनासे झाले, की दाब गळतो आणि इंजिन उठत नाही. आमच्यासारख्यांचंही तेच होतं. त्याला शांत स्वभाव म्हणतात.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन गृहस्थाने १८९७ साली आउग्सबुर्गला हे इंजिन चालवून दाखवलं. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात तर असं एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं. ही माहिती मी जेवताना दिली. त्या रात्री वहिनींनी तेलाचा डबा आतल्या खोलीत नेऊन ठेवला.

आता मुद्द्याचं. इंजिन उघडल्यावर एकेक भाग बाहेर यायला लागला आणि मिस्त्री प्रत्येकाबद्दल एकच शब्द उच्चारायला लागले: "नवा." पिस्टन नवे, रिंगा नव्या, लायनर नवे, बेअरिंगं नवी. नोझल नवे. क्लच प्लेट नवी. रेडिएटर, वॉटर पंप, सेल्फ, बॅटरी, दिवे, टायर, सगळं नवं. सीट नवी (कोंबडीची हरकत विचारात न घेता). काढलेले जुने भाग मिस्त्री एका पोत्यात भरत होते. एकाचं पोतं दोन झाली, दोनाची तीन. शेवटी मूळचं उरलं काय? इंजिनाचा ब्लॉक, गिअरबॉक्सची पेटी, मागचा एक्सल आणि दोन मडगार्डं.

गावातले एक बुजुर्ग पाराकडे जाता जाता थांबले, तिन्ही पोत्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "दादा, आता हा काय तो ट्रॅक्टर राहिला न्हाई."

दादा गप्प झाला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. वडिलांचा ट्रॅक्टर म्हणून ज्याच्यावर पैसा ओतला, तो वडिलांचा राहिलाच नसेल, तर काय केलं आपण?

हा प्रश्न आमच्या दादाच्या आधी बऱ्याच थोरामोठ्यांना पडलेला आहे. ग्रीक लोकांनी थीसियस या वीराचं जहाज जपून ठेवलं होतं. कुजलेली फळी काढायची, नवी ठोकायची. सगळ्याच फळ्या बदलल्यावर ते जहाज तेच का, यावर तत्त्वज्ञ भांडायचे, असं प्लुटार्कने लिहून ठेवलंय. पुढे सतराव्या शतकात हॉब्ज नावाच्या इंग्रजाने त्यात आणखी एक पाचर मारली: काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जमवून दुसरं जहाज बांधलं, तर खरं कुठलं? हे वाचल्यापासून मला आमच्या तीन पोत्यांची धास्ती वाटायला लागली. उद्या भंगारवाल्याने ती जोडली, तर अण्णांचा खरा ट्रॅक्टर भंगारवाल्याच्या दारात उभा राहायचा!

आपल्याकडे तर हे त्याच्याही आधी येऊन गेलंय. मिलिंद राजाला भिक्खू नागसेनाने विचारलं, की तू रथातून आलास, तर रथ म्हणजे काय? दांडी? आस? चाकं? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. मग नागसेनाने दाखवून दिलं, की हे सगळं जुळून आलं की आपण त्याला व्यवहारात 'रथ' म्हणतो. त्यापलीकडे रथ म्हणून वेगळं काही सापडत नाही. मी हे मिस्त्रींना सांगितलं. ते म्हणाले, "बराबर हाय. पर बिल वेगळं वेगळं लागतंय."

सरकारचं उत्तर मात्र सोपं आहे. आर. टी. ओ. च्या लेखी आत्मा अमर असून तो चासी नंबरात वास करतो. गंमत अशी, की ट्रॅक्टरला मोटारीसारखी वेगळी चासी सहसा नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि एक्सल एकमेकांना बोल्टाने आवळले, की तोच सांगाडा. म्हणजे नंबर आहे, पण ज्याचा नंबर ते वेगळं दाखवता येत नाही. नागसेनाला हे फार आवडलं असतं.

मग मडगार्डावरून वाद झाला. उजव्या मडगार्डाला मोठा पोचा होता. बहात्तरच्या दुष्काळात अण्णा ट्रॉलीत पिंपं भरून वस्त्यांवर पाणी पोचवायचे. एका रात्री बांधावरून घसरताना तो पडलेला. मिस्त्रींनी हातोडी उचलली. दादा आडवा आला. मिस्त्री म्हणाले, "अवो, कंपनीतनं असा आला होता का?" दादा म्हणाला, "कंपनीतनं आला तेव्हा तो ट्रॅक्टर होता. अण्णांचा नंतर झाला." शेवटी पोच्यासकट रंग दिला. दुष्काळ लाल रंगात चकाकायला लागला.

आता अण्णा. त्यांचं वय अठ्ठ्याऐंशी. गेली चार वर्षं त्यांची आठवण सरत चाललीय. आधी गावं गेली, मग माणसं गेली. आता दादालाही ते 'पाव्हणं' म्हणतात. गंमत बघा: ट्रॅक्टरचे सुटे भाग सगळे नवे, तरी नाव तेच. अण्णांचे सुटे भाग सगळे मूळचे. तेच नाक, तोच तीळ, मिशीला पीळ द्यायची तीच लकब. आणि येणारे-जाणारे दारातच हळू आवाजात म्हणतात, "अण्णा आता ते अण्णा राहिले नाहीत."

लॉक नावाच्या आणखी एका इंग्रज तत्त्वज्ञाने तर हे मांडूनच ठेवलंय. जिथवर आठवण पोचते, तिथवर माणूस तोच. या हिशेबाने आमच्या घरात अण्णांच्या पलंगावर कुणी परकाच झोपतो. पुस्तकात हे वाचताना पटतं. पण मी महिनाभर त्या घरात होतो आणि रोज सकाळी एक संवाद ऐकत होतो.

अण्णा वहिनींना विचारायचे, "बाई, तुम्ही कुणाच्या?"

वहिनी सांगायच्या, "मी तुमची सून, मामा. भाकरी वाढू का दूध घेताय?"

"सून का? बरं बरं. दूध द्या."

रोज. जणू पहिल्यांदाच विचारल्यासारखं, आणि पहिल्यांदाच सांगितल्यासारखं. मी एकदा न राहवून म्हटलं, "वहिनी, कंटाळा नाही येत?"

त्या म्हणाल्या, "येतो की, भावजी. पण त्यांना आठवत नाही म्हणून काय झालं? मला आठवतंय ना, ते कोण आहेत ते."

प्लुटार्क, हॉब्ज, लॉक या सगळ्यांनी 'तोच' हा गुण वस्तूच्या किंवा माणसाच्या आत शोधला. फळीत शोधला, आठवणीत शोधला. आमच्या वहिनींनी तो बाहेर ठेवलाय, स्वतःकडे, तेलाच्या डब्यासारखा जपून. मला तर आता असं वाटतं, की 'हा तोच आहे' हा निर्णय असतो. तो कुणीतरी घ्यावा लागतो, आणि घेतला की रोज निभवावा लागतो. 'ते अण्णा राहिले नाहीत' म्हणणाराही एक निर्णयच घेत असतो, फक्त त्याला त्यात काही करावं लागत नाही. त्यामुळे तो लोकप्रिय आहे.

ट्रॅक्टर चालू झाला त्या दिवशी अण्णांना खुर्चीत बसवून अंगणात आणलं. अशा वेळी सिनेमात म्हातारा माणूस आवाज ऐकून उठतो, सगळं आठवतं, सगळे रडतात. आमच्याकडे तसं काही झालं नाही. अण्णांनी शांतपणे बघितलं आणि विचारलं, "चांगला हाय. कुणाचा?"

"आपलाच, अण्णा," दादा म्हणाला.

"आपला एवढा लाल नव्हता."

मिस्त्री हसले. म्हणाले, "खरं हाय त्यांचं. रंग जरा भडकच लागलाय."

दादा आता निर्धास्त आहे. मिस्त्रींनी जाताना बजावलंय, की नुसता उभा ठेवलात तर पुन्हा जाम होईल. आठवड्यातून एकदा तरी चालू करायचा, दहा मिनिटं गरम होऊ द्यायचा. तो दर रविवारी सकाळी चालू करतो. मी पुण्याहून फोन लावतो. वहिनी फोन आधी अंगणात धरतात, मग अण्णांच्या कानाशी नेतात.

"कोण बोलतंय?" अण्णा विचारतात.

मी सांगतो.

"बरं बरं," ते म्हणतात.