टाकलेल्या वस्तूचा धनी

गेल्या पावसाळ्यांत एके सकाळीं मीं फुटलेल्या पेल्याचे तुकडे तसेच कचऱ्याच्या बादलींत टाकले. दारावर कचरा नेण्यास येणाऱ्या बाईंचा हात कापला. मीं क्षमा मागितली, पट्टी बांधून दिली. "असूं द्या सर, रोजचंच हाय," एवढेंच त्या म्हणाल्या. त्या 'रोजचंच' या शब्दानें माझी झोंप उडविली. टाकलेल्या वस्तूचा मी कोठपर्यंत धनी राहतों?

व्यवहारांत आपण समजतों कीं वस्तु टाकली म्हणजे तिच्याशीं असलेला संबंध संपला. परंतु टाकलेली वस्तु कोठें तरी पडावीच लागते. पुणेकरांचें तें 'कोठें तरी' पुष्कळ वर्षें उरुळी देवाची व फुरसुंगी हें होतें. शहराच्या उष्ट्याखरकट्याची दुर्गंधी त्या गांवांनीं सोसली. आमचा संबंध संपला खरा, पण तो दुसऱ्याच्या दारीं.

कोणी म्हणेल, आमच्या आज्यांस हें शिकवावें लागलें नाहीं. जुनेर बोहारणीस जाई, विरलेल्या लुगड्याची गोधडी होई, भांड्यांस कल्हई लागे. हें खरें, परंतु ती काटकसर बहुतांशीं टंचाईनें शिकविलेली होती. टाकण्याची ऐपत असतांना जो जपून वापरतो, त्याच्याच संयमास नीतीचें मोल आहे. म्हणून आपली परीक्षा त्यांच्याहून अवघड आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: कचरा घटल्यास वेचणाऱ्यांनीं खावें काय? पुण्यांत 1993 सालीं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्यांतूनच उभी राहिलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था 2008 सालीं महानगरपालिकेशीं करार करून घरोघरचा कचरा गोळा करूं लागली. घरटी मिळणारें शुल्क आणि विकाऊ सुका माल, हें या कष्टकऱ्यांचें उत्पन्न. आमटीनें भिजलेल्या कागदास भंगारवाला काय देणार? आपला गबाळेपणा त्यांस पोसत नाहीं, उलट नाडतो. आणि विकाऊ माल खरोखरच घटला, तर शुल्क वाढवून देणें हें आपलें देणें आहे, दान नव्हे.

मग नगरानें काय करावें? ओला, सुका व घातक कचरा वेगळा ठेवण्याचें बंधन 2016 सालच्या नियमांनीं घातलें. कायदा डबे वेगळे करवितो. त्यांत हात घालणाऱ्याची आठवण तो देऊं शकत नाहीं. तरी नगरानें अधिक टाकणाऱ्याकडून अधिक कर घ्यावा. चांभार, कल्हईवाला, यंत्रें दुरुस्त करणारा यांस मंडईंत अल्प भाड्यानें गाळे द्यावे. दुरुस्ती नव्या खरेदीहून स्वस्त व जवळ असली, म्हणजे सामान्य माणसासही सदाचरण झेपतें.

उरलेलें काम घराच्या उंबऱ्याआंतलें आहे. हल्लीं मी फुटकी कांच जाड कागदांत गुंडाळतों व वर तांबड्या शाईनें 'कांच' असें लिहितों. यांत पुण्य कांहीं नाहीं. जुनें कर्ज उशिरां फेडूं लागलों आहें, इतकेंच.